शहर पाहायला निघताना

(जामनेर येथे संध्याकाळच्या वर्गात केलेले भाषण)



तुमच्या वर्गाच्या बाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वर्गातल्या पुष्कळ जणींची मुले मुंबईला आहेत. वर्षा दोन वर्षांनी या तिकडे जाऊन येतात. पण काय पाहिले म्हणून विचारले, तर म्हणतात, लेकाची खोली पाहिली. तेव्हा तुम्ही मुंबईबद्दल चार शब्द बोला." आम्ही भाषण करणारे नव्हेत. सदतीस वर्षे मुंबईत एका कारखान्यात लेथवर काम केले, आणि काम संपल्यावर आपल्या कांग नदीच्या काठी परत आलो. पण लेकाची खोली पाहिली, हे उत्तर ऐकले आणि आम्हांला आमची खोली आठवली. म्हणून बोलायला आलो.

आम्ही 1974 साली मुंबईला गेलो. तेव्हा आपल्या गावातून आगगाडी निघत असे. जुन्या लोकांना आठवेल. पाचोरा-जामनेर गाडी. तिला सगळे पीजे म्हणत. अडीच फूट रुंदीचे रूळ, छोटे डबे. पहूर, शेंदुर्णी, पिंपळगाव, वरखेडी करीत ती पाचोऱ्याला पोचे. छप्पन्न किलोमीटरचा सगळा मार्ग. पण त्यात ओळखीचे किती भेटत! पाचोऱ्याला मोठी गाडी पकडायची आणि सकाळी मुंबई. 2020 साली टाळेबंदी लागली, तेव्हा पीजे थांबली, ती त्या रूपात पुन्हा धावली नाही. तिच्या जागी रुंद रूळ घालायचे काम निघाले. असो. आम्ही त्या गाडीत पत्र्याची पेटी घेऊन बसलो, तेव्हा आईने एवढेच सांगितले होते : "कोणाचा रे तू, असं कोणी पुसलं तर जामनेरचा म्हणून सांगजो."

मुंबईत तसे कोणी पुसत नाही. तिथे पहिला फरक हाच कळला.

आपल्याकडची यात्रा पाहा. कार्तिकात शेंदुर्णीला त्रिविक्रमाचा रथ निघतो. जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. मुक्ताईला लोक दिंड्या घेऊन जातात. गर्दी तिथेही होते, पोर तिथेही चुकते. पण पोर रडायला लागले की कोणी तरी म्हातारा त्याचा हात धरतो. "कोणाचा रे तू?" पोराने बापाचे नाव सांगितले, गाव सांगितले, की कोणी ना कोणी त्या गावचा निघतोच. पोर घरी पोचते. इथे माणसेच पाट्या आहेत. वाचता आले नाही तरी चालते, विचारता आले म्हणजे झाले.

मुंबईत पाट्या भिंतीवर असतात. आणि जो तो घाईत असतो. लोक वाईट नाहीत बरे का. विचारले तर सांगतात. पण चालता चालता सांगतात. "सरळ जा, तिसऱ्या नाक्याला डावीकडे, समोर बोर्ड दिसेल." एवढे बोलून माणूस गर्दीत नाहीसा. आता बोर्ड दिसतो, पण तो तोच बोर्ड की दुसरा, हे कोणी सांगायचे?

आमची खोली चिंचपोकळीला होती. चाळीतली, दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद. नळ पहाटे चार वाजता यायचा. लग्न झाल्यावर आमची मंडळी तिथे आली. तेव्हापासून खोलीत पाहुणा नाही असा महिना गेला नाही. कोणी दवाखान्याला येई, कोणी नोकरी शोधायला, कोणी नुसते मुंबई पाहायला. पाहायला आलेल्या पाहुण्याला आम्ही रविवारी बाहेर काढीत असू. चौपाटी, गेट वे ऑफ इंडिया, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. तो सिमेंटचा बूट अजून आहे, पोरे त्यात चढतात आणि वरून डोकावतात. तिथून पूर्वी तारापोरवाला मत्स्यालयात जाता येई. ते 1951 साली उघडले होते. आता ते बंद झाले आहे.

पण एक गोष्ट आज चारचौघांत कबूल करतो. या सगळ्या रविवारांत आमची मंडळी आमच्याबरोबर नसे. ती पहाटे उठून आठ माणसांच्या पुऱ्या लाटी, बटाट्याची भाजी करी, डबा बांधून देई आणि म्हणे, "तुम्ही जाऊन या. मी राहते घरी. परत आल्यावर जेवायला लागेल ना." आम्हांलाही ते बरेच वाटे. राणीची बाग आमच्या खोलीपासून पायी वीस मिनिटांवर. सतरा वर्षे तिने ती बाग आतून पाहिली नव्हती.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ही 1986 सालची.

गणपतीत आमच्या थोरल्या वहिनी मुंबईला आल्या. त्यांचे वय तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. शेतात मात्र चार गड्यांना ऐकणार नाहीत. त्यांना मुंबईचा गणपती पाहायचा होता. मुंबईत सार्वजनिक गणपती जुना आहे. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत तो 1893 सालापासून बसतो. लालबागचा राजा 1934 सालापासून. दहा दिवस वहिनींना आसपासचे गणपती दाखवले. अनंत चतुर्दशीला म्हटले, चला, विसर्जन पाहायला गिरगाव चौपाटीवर जाऊ. आम्ही, शेजारचे दोघे, वहिनी आणि आमची मुलगी. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत शिकत होती. मंडळी घरीच.

ज्यांनी ते विसर्जन पाहिले नाही, त्यांना कसे सांगावे? आपल्या जामनेरचा बाजार भरतो ना, तसे शंभर बाजार एका वाळूवर भरले आहेत असे समजा. ढोल, लेझीम, गुलाल. मोठमोठे गणपती माणसांच्या डोक्यावरून हलत हलत समुद्राकडे जातात. रात्र सरते, तरी मिरवणुका संपत नाहीत. सकाळ होते तरी मोठे गणपती यायचेच असतात. पाहण्यासारखे आहे. एकदा तरी पाहावे.

पण निघताना आम्ही एक साधी गोष्ट ठरवली नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे? त्या वाळूवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. 1920 साली टिळक गेले, तेव्हा त्यांचे दहन तिथेच झाले. त्या पुतळ्यापाशी उभे राहायचे, एवढे जरी सांगितले असते तरी झाले असते. ते सांगितले नाही. शिकलेल्या माणसाला वाटते, आपण बरोबर आहोत ना, मग कशाला?

नऊ साडेनऊच्या सुमाराला एक मोठी मिरवणूक आली. पोलिसांनी लोकांना मागे सारले. लाट आल्यासारखी गर्दी फिरली. आम्ही मागे पाहिले तर वहिनी नाहीत आणि मुलगी नाही.

पुढचे पाच सहा तास आमचे कसे गेले ते विचारू नका. पोलिसांच्या मांडवात ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्यांची नावे पुकारत होते. आमच्या मुलीचे नाव तीनदा पुकारले. त्या ढोलांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? शेजाऱ्यांपैकी एकाला घरी पाठवले. आम्ही तिथेच फिरत राहिलो.

वहिनींचे काय झाले, ते त्यांनी मागून सांगितले. त्यांच्या पदराच्या गाठीला कागद होता. आमच्या मंडळीने निघताना बांधून दिला होता. पत्ता लिहिलेला. एवढे शहाणपण घरात एकीला तरी होते. वहिनींनी थोडा वेळ वाट पाहिली. मुलगी रडू लागली. मग त्यांनी गाठ सोडली आणि एका गृहस्थाला कागद दाखवला. तो म्हणाला, "चिंचपोकळी? आता बस मिळायची नाही, रस्ते बंद आहेत. लोकलने जा." वहिनींना लोकलची भीती. धीमी गाडी कुठली, जलद कुठली, हे त्यांना कसे कळावे? चिंचपोकळीला जलद गाडी थांबत नाही. तेवढे त्यांनी आमच्याकडून ऐकले होते. त्या म्हणाल्या, "चालत रस्ता कुठचा?" त्याने हात दाखवला. "आधी भायखळा विचारा. मग पुढे."

मग त्या चालू लागल्या. नाक्यानाक्यावर विचारीत. एकाने सांगितले इकडे, दुसऱ्याने सांगितले तिकडे. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटू लागली. शेतात चार गड्यांना न ऐकणारी बाई, तिला रस्ता विचारायची लाज वाटली. हे आम्हांला फार लागले.

आणि मग ते झाले. वहिनींच्या खांद्यावर बसलेली मुलगी एका दुकानाच्या पाटीकडे बोट करून म्हणाली, "मोठ्याई, तो बघ भ. भटजीचा भ."

पहिलीतली पोर ती. तिला जोडाक्षरे येत नव्हती. सगळी पाटी वाचता येत नव्हती. पण भ येत होता. वहिनी म्हणाल्या, "भायखळ्याचा भ हाये का तो?" मुलगी म्हणाली, "हो. भ ला काना. भा. मग य." दुकानाच्या पाटीवर खाली वस्तीचे नाव लिहिलेले असते ना, ते. तिथून पुढे दोघींनी तसेच केले. नाका आला की वहिनी दिव्याखाली उभ्या राहात. मुलगी पाट्या पाही. भा दिसला की पुढे जायचे. भा दिसेनासा झाला की मागे फिरायचे. असे करीत करीत त्या भायखळ्याला पोचल्या. पुढे राणीच्या बागेचे फाटक आले. ते वहिनींनी दिवसा बाहेरून पाहिलेले होते. तिथून रस्ता त्यांना ठाऊक होता. मुलगी तोवर झोपून गेली होती.

पहाटे तीन वाजता आम्ही तोंड पाडून घरी आलो, तर दोघी घरात. मंडळी त्यांच्या पायाला गरम पाणी लावीत होती. आम्हांला वाटले वहिनी रागावतील. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, सगळीकडे काही ना काही लिहेल व्हतं. या एवढ्याशा पोरीले ते समजे. मले समजे ना."

पुढे 1988 साली देशात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. मग गावोगाव रात्रीचे वर्ग निघाले. वहिनी त्या वर्गाला जाऊ लागल्या. आमचे थोरले बंधू हसले. "आता या वयात काय करतीस शिकून?" वहिनींनी उत्तर दिले नाही. दिवसा कपाशी निंदायची, रात्री कंदिलाशी पाटी. 1992 च्या आखाजीला आम्हांला त्यांचे पहिले पत्र आले. चार ओळी. त्यांत ऱ्हस्व दीर्घाचा पत्ता नव्हता. पण आमची मंडळी ते पत्र घेऊन चाळीत सगळ्यांच्या दारी फिरून आली.

त्यानंतर 1994 सालच्या मे महिन्यात वहिनी पुन्हा मुंबईला आल्या. या वेळी त्यांनी येताच सांगितले, "मले राणीची बाग आतून पाहाची हाये. आन् सगळे जण चालतीन. कोणी घरी राहाचं नाही." मंडळी म्हणाली, "मग जेवणाचं?" वहिनींनी पिशवी उघडली. आत कळण्याच्या भाकरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, लसूण घातलेला ठेचा. "भाकरी रातच्याला करून ठेवू. पुऱ्या नको न काही नको."

आम्ही मुद्दाम रजा टाकली. रविवारी गर्दी असते म्हणून मधला वार निवडला. सात माणसे, दोन पिशव्या, पाण्याची कळशी. उन्हाच्या आत निघालो. फाटकापाशी पोचलो, तर फाटक बंद. आम्ही रखवालदाराला हाका मारू लागलो. "अहो, लांबून पाहुणे आलेत. जामनेरहून." तो ऐकेना. आम्ही आवाज चढवला. वीस वर्षे मुंबईत राहिलेला माणूस मी, असे सांगू लागलो.

मागून वहिनींचा आवाज आला. फाटकाजवळ एक फळा होता, त्याच्यासमोर त्या उभ्या होत्या. अक्षरावर बोट ठेवून वाचीत होत्या. "बु-ध-वा-री. बुधवारी. बं-द. बंद." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, इथं तर लिहेल हाये न. आज बुधवार."

रखवालदार हसला. चाळीतली पोरे हसली. आमची मंडळी पदर तोंडाला लावून हसली. आम्ही वीस वर्षे त्या रस्त्याने कामावर जात होतो. तो फळा तिथेच होता. आम्हांला वाचता येत होते, पण आम्ही तो वाचला नव्हता. त्या दिवशी भाकरी चाळीच्या गॅलरीत बसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आमची रजा संपली. आम्ही कामावर गेलो. आम्हांला वाटले, बेत बारगळला. संध्याकाळी घरी आलो, तर सगळ्या बायका आणि पोरे बागेत जाऊन आलेली. बरोबर कोणी पुरुष नाही. वहिनी पुढे, मंडळी मागे. तिकीट वहिनींनीच काढले. परत आलेले पैसे मोजून घेतले.

रात्री जेवताना त्यांनी आम्हांला बाग सांगितली. आम्ही किती तरी पाहुण्यांना ती बाग दाखवली होती. पण आम्ही काय दाखवीत होतो? वाघ, माकड, पाणघोडा आणि घरी. बागेतल्या दगडी हत्तीची हकीकत आम्हांला त्या रात्री त्यांच्याकडून कळली. मुंबईजवळ समुद्रात घारापुरीचे बेट आहे. तिथे जुनी कोरीव लेणी आहेत. पूर्वी बेटावर काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती होता. पोर्तुगीज लोकांनी त्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिले. पुढे 1864 साली इंग्रजांनी तो हत्ती उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना साखळी तुटली. हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणले आणि 1914 साली पुन्हा जोडून हत्ती उभा केला. तो आजही तिथे आहे. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं तुटला. नाही तर गेला असता."

बागेतच एक संग्रहालय आहे. ते 1872 साली लोकांसाठी उघडले. 1975 साली त्याला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. भाऊ दाजी हे मुंबईचे नावाजलेले डॉक्टर होते, आणि हे संग्रहालय उभे राहावे म्हणून झटलेल्या मंडळींपैकी एक. आत जुन्या मुंबईच्या, कारागिरांच्या, निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांच्या मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. कोणाची पगडी कशी, कोणाचा धंदा काय, हे पाहायला मिळते. आमची मंडळी त्या काचेपुढे एक तास उभी होती म्हणे. सतरा वर्षे वीस मिनिटांवर राहिलेली बाई. आम्ही त्या रात्री फारसे बोललो नाही.

आता तुमच्या उपयोगाचे थोडे सांगतो.

राणीच्या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण रिक्षावाल्यापासून सगळे राणीची बागच म्हणतात. बुधवारी बंद, हे आता तुम्ही विसरणार नाही. आता तिथे पेंग्विन नावाचे थंड मुलखातले पक्षी आहेत. ते काचेच्या घरात, गार हवेत ठेवले आहेत. 2017 साली ते लोकांना पाहायला खुले झाले, तेव्हा पोरांची रीघ लागली होती. त्याच साली दोन मोठी माणसे आणि दोन मुले मिळून 100 रुपये, असे कुटुंबाचे तिकीट ठरले. आजचा दर निघण्याआधी विचारून घ्यावा. आणि माघाच्या सुमाराला, म्हणजे जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत, महानगरपालिका तिथे फुलांचे प्रदर्शन भरवते. फुलांपासून प्राणी, गाड्या, किल्ले असे काय काय करतात. आपल्याकडे तेव्हा कपाशीचे काम बहुतेक उरकलेले असते. शेतकऱ्याने मुंबई पाहायला हाच काळ धरावा. मे महिन्यात जाऊन आम्ही घामाघूम होत असू, ते काही खरे नव्हे. घारापुरीलाही हिवाळ्यात जावे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, नावांचा भरवसा नसतो. आणि सोमवारी लेणी बंद असतात.

सोमवारावरून आठवले. आपली अजिंठ्याची लेणीही सोमवारी बंद असतात. ती तर पहूर ओलांडले की तासाभराच्या आत येतात. साऱ्या जगातून लोक ती पाहायला विमानाने येतात. या खोलीत ती किती जणांनी पाहिली आहेत? हात वर करा. (चार हात.) बरे, ते पुढच्या खेपेला बोलू.

मुंबईच्या जत्रांबद्दल दोन शब्द. देव कोणाचा, हे तिथे कोणी विचारीत नाही. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माऊलीची जत्रा भरते. 8 सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर टेकडीवर गर्दी असते. तिथे मेणाचे हात, पाय, घर, बाळ असे विकायला ठेवतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात वाहतो. ज्याला घर हवे तो घर वाहतो. आमच्या चाळीतल्या बायका दर वर्षी जात, आणि सगळ्या घरच वाहात. डिसेंबरात माहीमला मखदूम अली माहिमी बाबांचा उरूस असतो. त्याच्या पहिल्या संदलचा मान मुंबई पोलिसांचा असतो. नवरात्रात महालक्ष्मीला यात्रा भरते. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत समुद्राला नारळ देतात, वाजतगाजत. आणि फार लांब जायला नको. कल्याणकडे आपली खानदेशी माणसे पुष्कळ आहेत. श्रावणात ती कानबाई बसवतात. तिथे गेलात तर रोट खाऊन या. मुंबईत आहोत असे वाटणार नाही.

6 डिसेंबर हा दिवस मात्र सहलीचा नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर 1956 साली त्या दिवशी गेले. दादरच्या समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. देशभरातून लोक तिथे डोके टेकायला येतात. आपल्या भागातलेही येतात, गाड्या भरून. आमच्या कारखान्यातले आपल्या जिल्ह्याचे दोन सोबती त्या दिवशी गावच्या लोकांची सोय पाहायला जात. एकदा आम्हीही गेलो. शिवाजी पार्कवर आम्ही पाहिले, ते आम्ही दुसऱ्या कोणत्याही जत्रेत पाहिले नाही. तिथे पुस्तकांची दुकाने लागतात, रांगाच्या रांगा. पायात चप्पल नसलेला म्हातारा पदरचे पैसे मोजून पुस्तक घेत होता. आम्ही विचारले, "बाबा, वाचता येतं का?" तो म्हणाला, "मले नाही येत. नातीले येते. ती वाचीन, मी आयकीन." खेळणी नाही, मिठाई नाही. पुस्तक घेऊन गावी जायचे.

आता निघताना काय करावे? ज्याच्या त्याच्या खिशात पत्ता लिहिलेला कागद असावा, लहान मुलांच्या सुद्धा. आजकाल फोन असतो म्हणाल. फोनची वीज संपते, फोन चोरीला जातो. कागदाला काही होत नाही. आणि कागद स्वतःच्या हाताने लिहावा, म्हणजे त्यावर काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. गर्दीत शिरण्याआधी भेटायची जागा ठरवावी. पुतळा, घड्याळ, देऊळ, हलणार नाही अशी वस्तू. "फुगेवाल्यापाशी भेटू" असे ठरवू नये. फुगेवाला हलतो. हेही आम्ही करून पाहिले आहे. रविवारी लोकलने जायचे असेल तर आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र पाहावे. रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारी काही तास गाड्या बंद ठेवतात किंवा दुसरीकडून वळवतात. त्याला मेगाब्लॉक म्हणतात. ते न वाचता निघून आम्ही एकदा पाहुण्यांसह फलाटावर दोन तास काढले आहेत. स्टेशनवर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत गावाचे नाव असते, तीन लिप्या-भाषांत. त्यांतले मराठी तुमचे. गाडी हलायच्या आत ते वाचता आले पाहिजे. म्हणून घरी घड्याळ लावून वाचायचा सराव करा. हसू नका. वहिनींनी तो केला होता. पिठाच्या डब्यावर नावे लिहून त्या लांबून वाचीत.

घरातल्या बाईला मागे ठेवून निघू नका. भाकरी, ठेचा पुरे. एक दिवस उशिरा जेवल्याने पाहुणे मरत नाहीत.

वहिनींचे आता वय झाले. ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे दुखतात, पण डोळे चांगले आहेत. त्या तिथे खिडकीपाशी बसल्या आहेत, आणि मघापासून मान हलवीत आहेत. आमचे काही चुकले असेल तर त्या सांगतीलच. (वहिनी : "कळशी नव्हती न्हेली. घागर व्हती.") बरे, घागर. आणि ती सहा वर्षांची मुलगी आता शाळेत शिक्षिका आहे. पहिलीचाच वर्ग तिच्याकडे आहे.

बाईंनी ठरवले आहे की या वर्षी फुलांच्या प्रदर्शनाच्या वेळी वर्गाची सहल मुंबईला न्यायची. इथून एस. टी. ने जळगाव, तिथून रात्रीची गाडी. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे 420 किलोमीटर आहे. पहाटे पोचू. राहायची सोय आमच्या जुन्या चाळीतल्या लोकांनी केली आहे. बुधवार टाळला आहे, तो आम्ही स्वतः दोनदा पाहिला. ज्यांना यायचे आहे त्यांच्यासाठी टेबलावर वही ठेवली आहे. तिच्यात नाव, गल्ली आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहायचा. पेन दोन आहेत, घाई नाही. पण ज्याचे नाव त्याने लिहायचे आहे. शेजारणीकडून लिहून घेतलेले चालणार नाही, असे बाई म्हणतात. पहिले नाव वहिनींनी आधीच लिहून ठेवले आहे.